स्मरणिकेच्या जाहिराती
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी सातवी शिकलेली. मला व्यापारातले काय कळणार! पण गेल्या वर्षी जाहिराती मिळवायचे काम माझ्याकडे आले. वाण्याने तोंडावरच सांगितले, “वहिनी, ही जाहिरात नव्हे, वर्गणी आहे. वाचतो कोण?”

रडू आले, पण बोलणे खरे होते. आपण सगळ्या जाहिराती शेवटी कोंबत होतो! मग भाजणीच्या कृतीखाली गिरणीची, शिवणाच्या लेखाशेजारी कापडवाल्याची जाहिरात घातली. मलपृष्ठाचा दर दुप्पट केला, तरी ते आधी गेले. ‘किर्लोस्कर’ मासिकसुद्धा १९२० साली कारखान्याचे ‘खबर’ म्हणूनच निघाले; मजकूर चांगला, म्हणून ते घराघरांत गेले.

यंदा वाण्याने आपणहून अर्धे पान घेतले आहे. त्याच्याकडे गेलात, तर स्मरणिकेत वाचून आले, एवढे जरूर सांगा.