गोळी एक दिवसाआड नको

घरात आई, सासू, सासरे असतील तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे, आणि दहा-वीस वर्षांनी आपल्याबद्दलही.

मी बचत गटांचं काम बघते. बैठकीत आपण हप्ता, व्याज, शिल्लक सगळं बोलतो. पण "चालताना दम लागतो", "छातीत धडधडतं" हे मात्र बैठक संपल्यावर, चपला घालताना कोणीतरी हळूच सांगते. आपणही "पित्त असेल" म्हणून घरी जातो.

आमच्या एका गटात एक मावशी होत्या. वय साठीच्या पुढं. दोन एकर कोरडवाहू, बाकी मजुरी. हळद काढायला, उकडायला, वाळवायला, सगळ्या कामाला पुढं. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी लावून दिली होती, रोज एक. मी एकदा विचारलं, "मावशी, गोळी घेता ना?" म्हणाल्या, "घेते की माय. एक दिवसाआड घेते. तेवढीच पुरते."

तीस गोळ्या त्या दोन महिने पुरवायच्या. तेल पुरवून वापरावं, तशी गोळी. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते, हे त्यांना माहीत होतं. पण तिथं जायचं म्हणजे जाण्या-येण्याचं भाडं आणि वर दिवसाचा रोज बुडणार. एकदा गेल्या, तर गोळ्या संपलेल्या. मग पुन्हा गेल्याच नाहीत. फुकट गोळीसुद्धा गरिबाला फुकट पडत नाही, ती अशी.

एका पहाटे त्यांना दरदरून घाम आला. मळमळ, पाठीत कळ, दम. छातीत फारसं दुखत नव्हतं, म्हणून घरच्यांना पित्त वाटलं. लिंबू-सोडा दिला. दुपारी जास्त झालं, तेव्हा गाडीभाड्यासाठी लेक दारोदार फिरला. दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली. तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या. मैत्रिणींनो, त्या दिवशी गटाच्या पेटीत सतरा हजार रुपये होते. त्यात मावशींचेही होते. लेकाला मागायचं सुचलं नाही, आणि आम्ही गटात असं कधी ठरवलंच नव्हतं. ही चूक माझीही आहे.

त्याच वर्षी त्याच गावात एका बागायतदार काकांना झटका आला. दारात गाडी होती. दोन तासांत ते नांदेडला दवाखान्यात होते. आज ते पारावर बसलेले दिसतात. ते वाचले याचा आनंदच आहे. पण मला प्रश्न पडला, की मावशींचं हृदय काकांच्या हृदयापेक्षा कच्चं होतं का?

याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका अभ्यासात आहे. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. पन्नास शहरांतल्या ८९ रुग्णालयांत हृदयाच्या त्रासानं आलेल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांची त्यात नोंद झाली. महिन्याभराच्या आत श्रीमंत रुग्णांपैकी शंभरात ५.५ दगावले, तर गरिबांपैकी ८.२. कारण गरिबांना आवश्यक औषधं आणि उपचार कमी मिळाले. उपचारांतला हा फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूंमधला फरक उरला नाही. म्हणजे हृदय कच्चं नव्हतं. उपचार कमी पडले.

दुसरी गोष्ट लंडनची. तिथं १९६७ पासून सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. सगळे पगारदार, कोणी उपाशी नव्हतं. तरी सगळ्यात खालच्या जागेवरच्या शिपायांमध्ये हृदयरोगानं होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघाले. बिडी-सिगारेट, रक्तदाब यांनी त्यातला काही भागच समजला. सगळा नाही. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की आपल्या कामावर, आपल्या दिवसावर आपला हात नसणं, सतत कोणाच्या तरी हुकुमात राहणं, हेही शरीराला झिजवतं. हे आपल्याला लंडनकडून शिकायची गरज नाही. पाऊस, भाव, मुकादम, कर्जाचा तगादा, यातलं काय आपल्या हातात असतं? चाळीस वर्षं हे ओझं वाहिलं, की साठीत शरीर त्याचा हिशोब मागतं.

घरातही ही उतरंड आहे. शेवटी जेवणारी बाई, शेवटी दवाखान्यात जाणारीही बाईच. नवऱ्याची गोळी महिन्याला येते, सासूची "बघू पुढच्या बाजाराला".

पाऊस आणि भाव आपण एका बैठकीत बदलू शकत नाही. पण उपचारांतलं अंतर कमी करणं बरंचसं गटाच्या हातात आहे. म्हणून पाच कामं सांगते.

पहिलं काम, दर महिन्याच्या बैठकीला आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा १४०, खालचा ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. रक्तदाब वाढला तरी बहुतेकींना काहीच जाणवत नाही. म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, गोळ्यांचा दिवस ठरवा. पाच-सहा म्हाताऱ्यांची कार्डं घेऊन एकीनं जायचं का, हे आरोग्य केंद्रात विचारा. सगळ्यांचा रोज बुडायला नको. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या संपल्या असं सांगितलं, तर गटाच्या नावानं लेखी अर्ज द्या. एकट्या बाईला "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. वीस सह्यांच्या अर्जाला तसं म्हणणं जड जातं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एक दिवसाआड तर मुळीच नाही.

तिसरं, कागद आजच काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी ठरलेल्या रुग्णालयांत मोफत होते. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

चौथं, ठराव लिहा. छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, अचानक दम, यातलं काही झालं तर लगेच १०८ ला फोन. ती गाडी मोफत आहे. बायकांना आणि म्हाताऱ्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. गाडीला उशीर होणार असेल, तर गटाच्या पेटीतले पैसे त्याच क्षणी द्यायचे, बैठकीची वाट बघायची नाही. हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

पाचवं, तंबाखू आणि मिश्री. मीही आईशी यावरून भांडते, म्हणून उपदेश करत नाही. पण दोन्ही हृदयाला घातक आहेत. मीठही दिवसभरात एका माणसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, लोणचं-पापड-ठेचा धरून.

मावशींच्या गटानं आता वहीत पहिल्याच पानावर हा ठराव लिहिला आहे. गेल्या बैठकीत त्यांच्या जाऊबाईंनी गोळ्यांचं पाकीट सगळ्यांसमोर काढून दाखवलं. रोजची एक, बरोबर मोजलेली. म्हणाल्या, "बघा, एकही चुकली नाही."

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ता घेण्याआधी एकच प्रश्न विचारा. "कोण गोळी पुरवून पुरवून खातंय?" कोणाचा तरी हात हळूच वर येईल. तिथून सुरुवात करा.

रामराम.