पंपांचा हिशेब

सन्माननीय अध्यक्ष महोदय, परिषदेचे उद्घाटक, जिल्ह्याबाहेरून आलेले डॉक्टर आणि कायद्याचे जाणकार, कृषी सहायक, आशाताई, पत्रकार, शेतकरी बांधव, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला आहे ते फवारणी करणारे, जिनिंगमधले, खडी केंद्रांवरचे माझे भाऊ-बहिणी,

खामगावच्या आणि बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो.

स्वागताध्यक्षानं आधी आपल्या मुलखाची ओळख करून द्यावी, अशी रीत आहे. ती थोडक्यात पाळतो. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मगाव. शेगावला गजानन महाराज आहेत. आपल्यातले निम्मे लोक परिषद आटोपली की तिकडे जाणार हे मी धरूनच चाललो आहे, आणि गाड्यांची सोय केली आहे. खामगावचं नाव झालं ते कापसानं. 1870 मध्ये जलंबहून इथवर आगगाडीचा फाटा आला, तो कापसाच्या गाठी न्यायला. पुढे चांदीनं ते नाव वाढवलं. आणि लोणार आपण ऐकूनच असाल. तिथं हजारो वर्षांपूर्वी आकाशातून काय पडलं, किती जोरानं पडलं, याचा हिशेब जगभरचे शास्त्रज्ञ दगडाचे काप भिंगाखाली धरून लावतात. त्याच लोणारच्या शिवारात काल सकाळी फवारणाऱ्याच्या अंगावर काय पडलं, असं विचारा. सांगणारा सापडत नाही. आजची परिषद या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मला स्वागताध्यक्ष केलं तेव्हा एकदोघांनी तोंडावर विचारलं, ‘हे तर औषधवाले. यांना कशाला?’ प्रश्न रास्त आहे. माझं कृषी सेवा केंद्र आहे. आयुष्यभर मी बाटल्या विकल्या. आणि आपल्या भाषेची गंमत बघा, त्या बाटलीला आपण ‘औषध’च म्हणतो. कपाशीवर औषध मारलं म्हणतो, आणि कोणी जिवाला कंटाळला तर ‘त्यानं औषध घेतलं’ असंही म्हणतो. ज्याला औषधच म्हणायचं त्याची भीती कोण बाळगणार? मी त्या जागी बसलो होतो, म्हणूनच मला काय दिसलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास रात्री फोन आला. एक मजूर, तिशीच्या आतला, दवाखान्यात आणला होता. तोंडाला फेस, अंगातून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर नातेवाइकांना विचारत होते, ‘कोणतं औषध होतं?’ त्याचा भाऊ सांगत होता, ‘ते हिरव्या बुचाचं.’ हिरव्या बुचाच्या माझ्या दुकानात किती बाटल्या असतील, मोजायचं ठरवलं तर सकाळ होईल. मी दुकान उघडलं, बिलबुक काढलं. ज्या शेतकऱ्याकडे तो त्या दिवशी होता, त्याचं बिल सापडलं. तीन बाटल्यांची नावं मी फोनवर वाचून दाखवली. मग त्याची बायको म्हणाली, ‘पण दादा, ते तं या हप्त्यात चार वावरात गेले होते.’ बाकीच्या तीन शेतकऱ्यांनी माल माझ्याकडून नेला नव्हता. माझं बिलबुक तिथं संपलं.

तो वाचला. पण माझ्या मनातून ती रात्र गेली नाही. कारण माझ्या दुकानातल्या बाटलीची नोंद पक्की असते. ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या बॅचमध्ये तयार झाली, केव्हा मुदत संपते, कोणत्या तारखेला माझ्याकडे आली, कोणाला विकली, हे सगळं कागदावर असतं. स्टॉक रजिस्टर चुकलं तर माझा परवाना जातो. बाटलीचा प्रवास काउंटरपर्यंत लिहिलेला आहे. काउंटर ओलांडलं की ती कोणाच्या पाठीवर चढली, ते लिहायला कोणी नाही.

2017 चा पावसाळा आपण कोणी विसरलेलो नाही. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात शेकडो फवारणारे दवाखान्यात भरती झाले, वीसहून अधिक दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवेत दमट उकाडा, हातात जोराचा फवारा मारणारे पंप, आणि एका टाकीत दोन-तीन औषधांचं मिश्रण. चौकशी पथक आलं, पंपांवर बोललं गेलं, विक्रेत्यांवर बोललं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांची अडचण तीच होती, जी आमच्या इथल्या डॉक्टरांची त्या रात्री होती. अंगात काय गेलं तेच माहीत नाही. फॉस्फरसवर्गीय औषध असेल तर अ‍ॅट्रोपिन आणि त्याच्या जोडीचा उतारा आहे. कित्येक औषधांना खास उताराच नाही. तिथं लक्षणं बघत उपचार करावे लागतात. मिश्रण असेल तर विचारूच नका.

आणि हे झालं एका दिवसाचं विष. खरं दुखणं सावकाश साठतं. समोर डॉक्टर बसले आहेत, माझं चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. आपल्या रक्तात कोलिनेस्टरेज नावाचा एक घटक असतो. नसांनी स्नायूंना दिलेला निरोप पोचला की तो निरोप मिटवायचं काम त्याचं. फॉस्फरसवर्गीय औषध त्यालाच जायबंदी करतं. एका दिवसात थोडा कमी होतो, तो भरून यायला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्यात दुसरं वावर, तिसरं वावर. माणूस म्हणतो, ‘मले काई नाई होत, आता आंगवळणी पळलं.’ अंगवळणी काही पडलेलं नसतं. शिल्लक कमी कमी होत गेलेली असते. मग एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा कमीच फवारणी होते आणि तो बांधावर कोसळतो. लोक म्हणतात, ऊन लागलं. म्हणून एका दिवसाची चौकशी पुरत नाही. हंगामभराची बेरीज लागते.

अशी बेरीज आपल्याच देशात ठेवली जाते, हे मला अलीकडेच कळलं. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला असतो. भाभा अणुसंशोधन केंद्रानं ही पद्धत बसवली. ठरावीक मुदतीनं तो बिल्ला तपासायला जातो, त्यावर पडलेल्या किरणांचा आकडा त्या माणसाच्या नावे जमा होतो, आणि त्यानं नोकरी बदलली तरी तो हिशेब त्याच्यामागे जातो. कारखान्यांसाठी भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली: घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगाराची आरोग्यनोंद मालकानं ठेवायची आणि ती कामगाराला बघता आली पाहिजे. 27 जानेवारी 1995 रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की ही नोंद नोकरीला लागल्यापासून 40 वर्षं, किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत जपायची. इतकी वर्षं कशाला? कारण अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू आज छातीत गेला तर आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो. उरते फक्त नोंद.

कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांतही फवारणी करणाऱ्याची कामाआधी आणि पुढे वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. मी सभागृहाला विचारतो: आपल्यापैकी किती फवारणाऱ्यांची अशी तपासणी झाली आहे? हात वर करा.

हात दिसत नाहीत. मी पण कधी कोणाला ती सांगितली नव्हती.

अडचण मला कळते. कारखान्याला फाटक असतं, हजेरीपट असतो, एक मालक असतो. आमच्या मजुराला हंगामात पंधरा मालक असतात, आणि एकही त्याचा मालक नसतो. पण नोंद ठेवणं आपल्याला जमत नाही, हे मी मानत नाही. आज बैलाच्या कानाला बारा आकडी बिल्ला आहे. त्याला लस कधी टोचली ते सांगता येतं. ई-पीक पाहणी आल्यापासून शेतकरी स्वतः वावरात उभा राहून मोबाईलवर पिकाचा फोटो चढवतो. सात-बारावर विहीर आहे, आंब्याचं झाड आहे. नाही तो फक्त फवारणारा. त्यामुळे अपघात झाला तर ज्याच्या नावावर सात-बारा त्याच्या घरासाठी सानुग्रह अनुदानाची योजना आहे; भूमिहीन मजुराच्या घरचे मात्र कोणता कागद घेऊन जायचं, हे विचारत फिरतात.

आता माझं एक म्हणणं मांडतो. या परिषदेनं दुसरं काही केलं नाही आणि एवढंच केलं, तरी मी स्वागताध्यक्षपदाचं सार्थक झालं असं समजेन.

आमच्याकडे फवारणीची मजुरी पंपावर ठरते. संध्याकाळी मजूर बांधावर येतो आणि म्हणतो, ‘मालक, आज बावीस झाले.’ शेतकरी म्हणतो, ‘वीसच झाले रे.’ मग दोघं खुणा मोजतात. कोणी बांधावर खडे मांडून ठेवतो, कोणी पंपाच्या पट्ट्याला गाठी मारतो, कोणी मोबाईलमध्ये आकडा लिहितो. या हिशेबात कोणी चुकत नाही, कारण पैशाचा प्रश्न असतो. मंडळी, हा विषाचाच हिशेब आहे! किती पंप पाठीवर वाहिले, ते त्यानं मोजलेलंच आहे. काय वाहिलं, ते माझ्या बिलबुकात आहे. दोन्ही अर्ध्या नोंदी गावातच पडून आहेत. एक बांधावर, एक माझ्या काउंटरवर. त्या एका पानावर आणायच्या, एवढंच काम आहे.

गेल्या हंगामात मी दुकानात येणाऱ्या काही मजुरांना एकेक वही दिली. रकाने साधे: तारीख, पीक, पंप, बाटलीचं नाव, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग, आणि रात्री कसं वाटलं. वाचता येत नसेल त्यानं रंग तरी लिहून घ्यावा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बुचाचा रंग आणि त्रिकोणाचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मला पहिला आठवडा लागला. एका वहीतल्या चार ओळी वाचतो: ‘सोमवार, कपाशी, 18 पंप, पिवळा. नोझल बुजलं, तोंडानं फुंकलं. मंगळवार, 20 पंप, पिवळा. मळमळ. बुधवार, तूर, 12 पंप, लाल. डोळ्यासमोर अंधारी. गुरुवार, गेलो नाही.’ त्या ‘गेलो नाही’ला मी जपून ठेवलं आहे. त्याला वहीनं थांबवलं. तीन दिवसांच्या ओळी एकाखाली एक दिसल्या, आणि त्यानं स्वतःच ठरवलं.

एक रकाना माझ्या ध्यानात आला नव्हता, तो एका ताईनं घालायला लावला. ती म्हणाली, ‘पंपात पाणी मी टाकते, औषध कालवते मी, त्यांचे कपडे धुते मी. माझं कुठं लिहायचं?’ आता वहीत तिचाही रकाना आहे.

काहींना या वहीची भीती वाटते. शेतकऱ्याला वाटतं, उद्या आपल्यावरच गुन्हा येईल. मजुराला वाटतं, त्रास लिहिला तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. माझ्या धंद्यातल्या मित्रांना वाटतं, हा माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. तिघांनाही मी एकच सांगतो: वही मजुराच्या खिशात राहील. ती त्याची आहे, त्यानं डॉक्टरला दाखवायची. आणि नोंद नसते तेव्हा संशय सगळ्यांवर येतो. नोंद असते तेव्हा तो एका बाटलीवर येतो.

जिनिंगमधल्या भावाची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी भरते, खडी केंद्रावरच्या भावाची कायमची भरते, चांदी गाळणाऱ्याच्या नाकातोंडात आम्लाचा धूर जातो. त्यांच्या वह्यांचे रकाने वेगळे असतील. दुपारच्या सत्रांत जाणकार ते ठरवतील. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनी या इटालियन वैद्यानं सांगून ठेवलं, की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा: तू काम काय करतोस? आमच्या सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘मजूर’ एवढंच असतं. त्यापुढे ‘कशाचा?’ एवढं विचारलं जावं, पेरणीआधी जूनमध्ये फवारणाऱ्यांच्या रक्ताची एक तपासणी व्हावी, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल, आणि विषबाधेची प्रत्येक घटना शासनाकडे कळवणं बंधनकारक व्हावं, ज्याची तरतूद कीटकनाशक कायद्यात 1968 पासून आहे. या तीन मागण्या ठरावाच्या रूपानं आपल्यापुढे येतील.

शेवटी यजमानाचं बोलतो. आमच्या व्यवस्थेत उणिवा असतील. पाण्याचे दिवस आहेत, कुलरला आवाज आहे, भाकरी थोडी जाड आहे. सांभाळून घ्या. स्वागताला आम्ही शाल आणि गुच्छ ठेवलेले नाहीत. आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर चाळीस पानांची एक वही आहे. अध्यक्ष महोदय, आपल्याही. तिची पानं कोरी आहेत. परत जाताना आपल्या गावातल्या एका फवारणाऱ्याला, किंवा त्याला पाणी देणाऱ्या ताईला, ती द्या. पहिली तारीख त्यांच्यासमोर बसून लिहा, आणि विचारा, ‘आज किती झाले?’