पुरुषांनाही मॅमोग्राफी करावी लागते

(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या सुखदुःखात आहोत, म्हणून आज जरा संकोचाचा विषय काढतो. मी डॉक्टर नाही, माझी हयात बँकेत गेली. पण अनुभव माझा स्वतःचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनाग्राखाली गाठ लागली. दाबली की दुखायची. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात, तशी मी ती चार महिने टाकून ठेवली. पुरुषाच्या छातीत गाठ, सांगायचं कोणाला? शेवटी बनियन बदलताना आमच्या हिनंच पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी मॅमोग्राफी लिहून दिली. काउंटरवरच्या मुलीनं पेशंट म्हणून हिचंच नाव लिहिलं! फॉर्मवर पाळीची तारीखही होती. बाकावर सगळ्या बायका, मी एकटा पुरुष. तपासणी मात्र साधी. दोन प्लेटांमध्ये छातीचा भाग दाबून एक्स-रे घेतात, दोन्ही बाजूंचे. थोडं दुखतं, पण काही सेकंदच. नंतर सोनोग्राफी झाली.

डॉक्टरांनी फिल्म दाखवली. स्तनाग्रामागे पंख्यासारखी पसरलेली पांढरट सावली होती. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. ग्रंथी वाढलेली असते, कर्करोग नसतो. कर्करोगाची गाठ बहुधा वेगळी, घट्ट, खडबडीत कडांची आणि स्तनाग्राच्या जरा बाजूला दिसते. शंका आली तर सुईनं तुकडा काढून बायोप्सी करतात. खरं निदान तिथं होतं.

माझ्या बाबतीत कारण निघालं हृदयासाठी चालू असलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळी. डॉक्टरांनी ती बदलली आणि गाठ हळूहळू बसली. कृपा करून आपल्या मनानं कोणी गोळी बंद करू नये. वयात येणाऱ्या मुलांनाही अशी सूज येते आणि बहुतेकदा आपोआप जाते. नातवंडांना त्यावरून चिडवू नका.

आता महत्त्वाचं. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो. प्रमाण कमी, म्हणून प्रत्येकानं दरवर्षी मॅमोग्राफी करायची गरज नाही. पण कडक गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त किंवा पाणी, न भरणारी जखम, काखेत गाठ, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर जास्तच जपा.

माझी गाठ दुखत होती, तरी मी चार महिने गप्प बसलो. कर्करोगाची गाठ तर बहुधा दुखतच नाही! तशी असती तर मी किती दिवस काढले असते, या विचारानं आजही झोप उडते. माझी लाज थोडक्यात निभावली. तुम्ही हा धोका पत्करू नका. घरी सांगा, आणि घरी सांगता येत नसेल तर मला सांगा. तपासणीला मी सोबत येईन.