गरोदर बाईनें विचारल्याशिवाय औषध घेऊं नये
(गांवच्या शाळेंत भरलेल्या सभेपुढें केलेलें भाषण)



गाय गाभण असली म्हणजे तिला काय चारावें व काय चारूं नये, याची चौकशी आपण दहा ठिकाणीं करतों. परंतु घरांतील सून गरोदर असून तिचें अंग दुखूं लागलें, तर कोनाड्यांत उरलेली गोळी तिच्या हातावर ठेवतों. ती गोळी कसली, कोणासाठीं आणली होती, हें कोणी विचारीत नाहीं. सुनेनें तर विचारावयाचेंच नाहीं, अशी आपल्या घरांची रीत! या रीतीविरुद्ध आज आम्हांस बोलावयाचें आहे.

आईनें घेतलेलें बहुतेक औषध वारेंतून बाळापर्यंत पोंचतें. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे हातपाय, हृदय, मेंदू घडत असतात. आणि त्यांतील पहिले कांहीं आठवडे दिवस गेल्याचें खुद्द बाईलाच ठाऊक नसतें.

१९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. तें निर्धोक आहे, अशी जाहिरात झाली. गरोदर बायांनीं तें मळमळीवर घेतलें. पुढें अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुलें आंखूड किंवा अपुऱ्या हातापायांचीं जन्मलीं, पुष्कळ दगावलीं. १९६१ च्या नोव्हेंबरांत तेथील विक्री बंद झाली. अमेरिकेंत मात्र फ्रान्सेस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनीं, निर्धोक असल्याचा पुरावा पुरेसा नाहीं, म्हणून परवानगी अडवून धरली. कंपनीनें तगादा लावला, तरी त्या ढळल्या नाहींत. एका बाईनें पुरावा मागितला, आणि तो देश मोठ्या अनर्थांतून बचावला!

आतां आपल्या घराकडे वळूं. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या पांचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांस अपाय करूं शकतात. टेट्रासायक्लिननें मुलाचे दांत कायमचे डागळतात. दाढ दुखते म्हणून मिश्री लावतात. पण मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तिनें बाळ कमी वजनाचें होतें. झाडपाल्याचें म्हणून कोणतेंही औषध निर्धोक ठरत नाहीं. धोत्रा झाडपालाच आहे.

सर्वांत वाईट तें मुलगा व्हावा म्हणून दिलेलें औषध. मुलगा कीं मुलगी, हें गर्भ राहतो त्याच क्षणीं बापाच्या बीजावरून ठरतें. मग दुसऱ्या महिन्यांत दिलेली पुडी काय बदलणार? हरियाणांत अशा औषधांची तपासणी झाली, तेव्हां कांहींत हॉर्मोन सांपडले. म्हणजे मुलगा तर होत नाहींच, उलट पोटांतील जिवावर घाला! पूर्वीं आपण ताईत व अंगाऱ्यावर विसंबलों, आतां पुडी व गोळीवर विसंबतों. डोळे मिटणें तेवढें तेंच राहिलें.

पण भिऊन सर्वच औषधें टाकणें हीही तितकीच मोठी चूक होय. लोहाच्या गोळीनें बाळ काळें होतें, ही समजूत खोटी आहे. त्या गोळीनें शौच काळें होतें, बाळ नव्हे. आणि अंगांत रक्त नसलेली बाई बाळंतपणांत दगावूं शकते. फेफऱ्याचीं कांहीं औषधें बाळास बाधक आहेत. तरीही तीं आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत. फेफरें आलें तर दोन्ही जीव धोक्यांत येतात. डॉक्टरला भेटून औषध बदलून घ्यावें, आणि शक्य तर दिवस जाण्यापूर्वींच.

आम्ही शाळामास्तर, कोणती गोळी घ्यावी हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. विचारावें कसें, एवढें सांगतों. दुकानांत किंवा दवाखान्यांत पाय ठेवतांच "दिवस गेले आहेत" किंवा "पाळी चुकली आहे" असें प्रथम सांगावें. औषधाचें नांव काय, कशासाठीं, किती दिवस, बाळास बाधतें काय, हें विचारावें. ज्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल, तें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊं नये. रिकामें पाकीट फेकूं नये. तपासणीच्या कार्डाबरोबर ठेवावें.

दवाखान्यांत गेल्यास दिवसाची मजुरी बुडते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच आपला हक्क ठाऊक असावा. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईला औषधें व तपासण्या मोफत आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस मोफत तपासणी होते. गांवांतील आशाताईला विचारण्यास तर पैही लागत नाहीं.

जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. बाईनें वाचावें तें कशासाठीं? वाचून "हें काय आहे?" असें तिनें विचारावें, यासाठीं. तेव्हां सासूबाईंनो, घरच्या कारभाऱ्यांनो, उद्यां तुमची सून गोळी हातांत धरून हा प्रश्न विचारील, तेव्हां तिला उर्मट म्हणूं नका. उत्तर ठाऊक नसेल तर तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चला.