श्वाननिद्रा



आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणं शाळेत आपल्यापैकी बहुतेकांनी घोकली आहेत. त्यातलं एक म्हणजे श्वाननिद्रा. झोप कुत्र्यासारखी हवी, पान हललं तरी कान टवकारणारी! भुकूमला राहायला आल्यापासून मात्र मला वाटू लागलंय की, ते लिहिणाऱ्याने फक्त राखणीचा कुत्रा पाहिला असावा. पोटभर खाऊन, बिनघोर झोपलेला त्याला दिसलाच नसावा.

आमचं भुकूम पौड रस्त्यावर, भूगावच्या पुढे आणि पिरंगुटच्या अलीकडे. काल भाताची खाचरं होती तिथे आज इमारती उभ्या राहताहेत. त्यामुळे दुपारी गल्लीतली कुत्री हमखास सापडतात ती बांधकामाच्या वाळूवर. वरची तापलेली वाळू उकरायची, खालची गार लागली की तिथे अंग टाकून द्यायचं. थंडीत हीच कुत्री विझलेल्या शेकोटीच्या राखेत, नाक शेपटीखाली खुपसून वेटोळं करतात. ‘दिवसभर नुसती लोळतात’ म्हणून त्यांना कुणी नावं ठेवली की मी म्हणतो, रात्री दोनला उठून बघा. रस्त्यावरचे डंपर, अनोळखी दुचाकी, डोंगराकडच्या वस्त्यांवर बिबट्याची धास्ती. रात्रपाळी केलेला माणूस दुपारी झोपला तर आपण त्याला आळशी म्हणत नाही.

कुत्र्याची झोप मुळातच तुकड्यातुकड्यांची. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्रीच्या ८ तासांत सरासरी २३ डुलक्या मोजल्या गेल्या. साधारण १६ मिनिटं झोप, मग ५ मिनिटं जाग. म्हणून मोठा कुत्रा दिवसाचे १२-१४ तास झोपला तरी त्यात नवल नाही. झोपेत पाय झाडतो, बारीक भुंकतो, तेही बहुधा स्वप्न. फिट आणि स्वप्न यातला फरक ओळखायचा तर नावाने हाक मारून पाहावी. स्वप्नातला कुत्रा हाकेनं जागा होतो. हात मात्र लावू नये, दचकून चावा घेतला तर दोष त्याचा नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. आमच्याकडे फार्महाऊसवर साखळीला बांधलेली कुत्री पुष्कळ. मालक शनिवारी येतात, कुत्र्याला पडलेला पाहतात आणि म्हणतात, ‘बघा, कसा निवांत झोपलाय.’ बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१७ साली नेमकं हेच तपासलं. काही कुत्र्यांचे लाड केले, त्यांच्याशी खेळले; मग त्यांनाच दुसऱ्या वेळी एकटं बांधून ठेवलं, दुर्लक्ष केलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या. वाईट वागणुकीनंतर कुत्री लवकर झोपली, पण त्यांची गाढ झोप घटली. म्हणजे लगेच डोळा लागणं हे सुखाचं लक्षण असेलच असं नाही. माणसाचंही तसंच असतं, नाही का?

मग पाहायचं काय? तर आपल्या कुत्र्याची रोजची रीत, आणि ती कधी मोडली ते. जेवणाच्या भांड्याचा आवाज ऐकून धावणारा कुत्रा जागचा उठेना, तर अंगावर गोचीड आहे का बघा; गोचीडतापाची सुरुवात पुष्कळदा अशा मरगळीने होते. म्हातारा कुत्रा दिवसा झोपून रात्री घरभर येरझाऱ्या घालू लागला, तर वयाबरोबर मेंदू थकत असेल, किंवा सांधे दुखत असतील. मान ताणून, कोपरं बाहेर काढून बसल्या बसल्या पेंगणारा कुत्रा मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावा. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडतो. आणि एक सोपं मोजमाप: गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते घड्याळ लावून मोजा. आकडा ३० च्या आत हवा. रोजच त्याहून जास्त भरत असेल तर हृदय तपासून घ्यावं.

आमचा भुऱ्याही असाच साखळीवरून सुटून आलेला. पहिले कितीतरी महिने तो भिंतीला पाठ लावून, तोंड फाटकाकडे करून, अंग चोरून झोपायचा. पायरीवर चप्पल वाजली की उभा. शाळेच्या हिशेबाने अव्वल विद्यार्थी! मी फारसं काही केलं नाही. जेवणाची वेळ चुकवली नाही आणि तो झोपला असताना त्याच्या वाटेला कुणाला जाऊ दिलं नाही, इतकंच.

मग श्रावणातल्या एका सकाळी उठून पाहतो तर स्वारी ओट्याच्या ऐन मधोमध उताणी, चारी पाय आभाळाकडे, चक्क घोरतेय. दूधवाला आला, त्याला ओलांडून पिशवी ठेवली आणि गेला. भुऱ्याला पत्ताच नाही.