गाईचा माज आणि आपली गफलत
(सोनई येथें गोपालक शेतकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



"तीनदां भरविली, फळत नाहीं," म्हणून चांगली गाय घोडेगावच्या बाजारांत मातीमोलानें जातांना तुम्ही पाहिली असेल. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी अंगारा लावतो. मी म्हणतों, आधीं गाईच्या पोटांत काय चालतें तें समजून घ्या, मग तिला दोष द्या.

कालवड जन्मते तेव्हांच तिच्या दोन बीजकोशांत लाखाच्या घरांत बीजें असतात. प्रत्येक बीज एका बारीक पुटिकेंत बसलेलें असतें. दर २१ दिवसांच्या चक्रांत या पुटिकांच्या दोन, कधीं तीन लाटा येतात. प्रत्येक लाटेंत अनेक पुटिका वाढूं लागतात; एक पुढें जाते, बाकीच्या जिरतात. १९६० सालीं राजाकोस्की या संशोधकानें अशा दोन लाटा मांडल्या. १९८० नंतर ध्वनिलहरींच्या यंत्रानें त्या जिवंत गाईंत दिसल्या. पहिल्या लाटेंतली मोठी पुटिका मात्र फुटत नाहीं. मागच्या माजानंतर बीजकोशावर तयार झालेला पीतपिंड तिला अडवितो. गर्भ राहिला नाहीं, तर सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच एक द्रव्य सोडून तो पीतपिंड जिरवितें. मग शेवटच्या लाटेंतली पुटिका वाढून माज आणते, व माज संपल्यावर दहा-बारा तासांनीं फुटून बीज सोडते.

आतां हिशेब करा. माज टिकतो १२ ते १८ तास, तोहि पुष्कळदां रात्रीं. सुटलेलें बीज थोडेच तास टिकतें. म्हणून सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं भरवा. संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं. आपण बाजार आटोपून सवडीनें भरवितों, आणि उलटली कीं गाईला नांवें ठेवितों!

दुसरी गफलत दावणींत आहे. व्यायल्यावर दूध वाढतें, पण खाणें पुरत नाहीं. गाय अंगावरचें झिजवून दूध देते आणि पुटिकांची वाढ खुंटते. मुळा धरणाचें पाणी आलें, ऊस आला, तसे उसाचे वाढेहि आले. वाढ्यांतलें ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतें. नुसत्या वाढ्यांवर गाय वेळेवर माजावर कशी येणार? घास, कडबा, पेंड व खनिज मिश्रण यांची जोड द्या.

तिसरी गफलत घरांतली आहे. पहांटे शेण काढणारी, धार काढणारी आपली आई-बहीण. गाय हंबरली, काचेसारखा सोट टाकला, दूध कमी दिलें, हें तिला सर्वांआधीं कळतें. पण तिला विचारतो कोण? गोठ्यांत दिनदर्शिका टांगा. माजाची तारीख तिच्या हातानें मांडली जाऊं द्या. अठराव्या दिवसापासून पहांटे व निजण्यापूर्वीं गाईवर नजर ठेवा.

एक माज चुकला म्हणजे २१ दिवसांचा चारा फुकट गेला. सगळ्याच गाई फळतील असें मी म्हणत नाहीं. कांहींना खरोखर रोग असतो. पण तीनदां उलटली तर पशुवैद्याकडून तपासून घ्या. तपासल्यावांचून कोणत्याहि गाईला वांझ म्हणूं नका, आणि तिचें दावें दलालाच्या हातीं देऊं नका.