पेटीवरची बोटं, हाती लेखणी
कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे म्हटलं की आधी आठवते पेटी. गायक भास्करबुवा बखल्यांना त्यांनी साथ केली, १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात हरिश्चंद्रही रंगवला. मला मात्र ते लेखक म्हणून फार जवळचे वाटतात. ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये त्यांनी ऐकलेलं गाणं आठवणींतून पुन्हा उभं केलं. गायक अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. साथीला बसणाऱ्याला पुढची जागा आधीच हेरावी लागते; तोच सावध कान त्यांच्या गद्यात जाणवतो. आज त्यांचं पुस्तक उघडाल, तेव्हा एखादं पान मोठ्यानं वाचून बघा. वाक्य कुठे थांबतं, कुठे श्वास घेतं, ते नक्की ऐका.